बर्नडीनबाईंची पाचची पाळी

नेब्रास्कातल्या बेल क्रीक गावच्या वेंडेल प्रोहास्काने आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून संशय घेतला, आणि ती म्हणजे बॅकस्ट्रॉम सुपरमार्केटातली भाजलेली कोंबडी. सळईवर गरगर फिरून तांबूस झालेली, मीठ-मिरी आतपर्यंत मुरलेली, नुसता हात लावला तरी तंगडी सुटून यावी अशी अख्खी कोंबडी चार डॉलर नव्याण्णव सेंटना मिळे. तिच्यापासून दहा पावलांवर, थंड कपाटात, कच्ची कोंबडी सात डॉलरला. म्हणजे आगीशेजारी दीड तास फिरल्यावर कोंबडीची किंमत उतरते! बरं, जगात सगळं महाग झालं, दूध वाढलं, पेट्रोल वाढलं, न्हाव्याने दर वाढवून वर तोंडही वाकडं केलं, पण ही कोंबडी वीस वर्षं चार नव्याण्णववरच. यात काहीतरी काळंबेरं आहे असं वेंडेल दर गुरुवारी म्हणे आणि दर गुरुवारी एक घेऊन घरी येई.

संशय घेणं हा त्याचा पेशाच होता. मोटार परवान्याच्या सरकारी कचेरीत खिडकी क्रमांक तीनवर त्याने एकतीस वर्षं काढली. "कागदावर नाही तो माणूस नाही," हे त्याचं ब्रीद. स्वतःच्या बायकोला, जोलीनला, त्याने एकदा पत्त्यात खाडाखोड आहे म्हणून रांगेतून परत पाठवलं होतं. त्या गोष्टीला सतरा वर्षं झाली. घरात ती अजून ताजी आहे.

तर बॅकस्ट्रॉम त्या वसंतात बंद पडलं. ऑक्टोबरात तिथल्या सामानाचा लिलाव निघाला. वेंडेल गेला होता एक शिडी आणायला, आणि चाळीस डॉलरला कोंबड्या भाजायचं मशीन घेऊन आला. माणसापेक्षा उंच, दोन्ही अंगांना काचेची दारं, आठ सळया, एका वेळी चाळीस कोंबड्या.

जोलीन गॅरेजच्या दारात उभी राहून ते बराच वेळ बघत होती.

"वेंडेल, तू आजवर अंडंसुद्धा उकडलेलं नाहीस."

"अंड्याचा इथे काय संबंध? घरी भाजली तर कोंबडी कितीला पडते, ते मला एकदा बघायचंय. बस्स."

"आणि गाडी कुठे ठेवायची?"

तो प्रश्न वेंडेलने, कचेरीतल्या जुन्या सवयीने, पुढील कार्यवाहीसाठी राखून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारचा ड्वेन एकलंड हा जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असणारा माणूस. त्याच्याच ट्रेलरवरून मशीन आलं होतं, तेव्हा त्याला अधिकारही पोहोचत होता. "कोंबडी स्वस्त ठेवतात ती आमिष म्हणून. दुकानाच्या पार मागे ठेवतात की नाही? तिथवर जाईपर्यंत माणूस वीस वस्तू उचलतो." हे ऐकून वेंडेलला आपल्या गॅरेजातल्या चार बागेच्या नळ्या आणि गवत कापायची दोन यंत्रं आठवली. समोरच्या घरातल्या ओपल राइनहार्ट, वय ब्याऐंशी, यांचं म्हणणं पोटात लिंबू भरावं. चर्चमधल्या दोघींचं म्हणणं लिंबू अजिबात भरू नये, आणि त्या दोघी त्यानंतर ओपलबाईंशी बोलेनाशा झाल्या. कपडे वाळवण्याच्या मशीनच्या प्लगवर हे चालेल, असं ड्वेनने शपथेवर सांगितलं. चाललं, पण सबंध घराचे दिवे मंद झाले, आणि तेव्हापासून मंदच राहिले.

एक कोंबडी लावली तर सळया एका अंगाला झुकत. तोल राहण्यासाठी निदान बारा तरी लागत, म्हणून वेंडेलने बारा आणल्या. नोव्हेंबरचा पहिला सोमवार होता. आदल्याच दिवशी घड्याळं तासभर मागे घेतलेली, त्यामुळे पाचलाच अंधारून आलं होतं. काचेमागे पिवळा दिवा, त्यात बारा कोंबड्या संथ फिरतायत, चरबीचे थेंब सुर्रकन वाजतायत, आणि तो वास! वेंडेलला एकदम वाटलं, आपण निवृत्त नाही, आपण तरुण आहोत, आणि आज गुरुवार आहे.

बरोबर पाच वाजता घंटा वाजली. टण्ण.

"ही कुठली घंटा?" वेंडेल म्हणाला.

ड्वेन स्टुलावर चढला. मशीनच्या माथ्यावर पितळेची एक घंटा होती खरी. पण तिची तार कधीच तोडलेली होती, आणि टोकाला चिकटपट्टी लावून वर धूळ बसली होती. ड्वेनने ती तार बोटात धरून पुष्कळ वेळ बघितली.

"उष्णतेने धातू प्रसरण पावतो," तो म्हणाला, आणि घरी गेला. रोज जेवायला थांबणारा माणूस, पण त्या दिवशी थांबला नाही.

वेंडेल कात्री शोधायला वळला. परत वळून बघतो तर ओपलबाई आत उभ्या. घरातल्या सपाता, अंगात कोट, हातात पाच डॉलरची उभी घडी घातलेली नोट. त्या वेंडेलला ओलांडून मशीनसमोर गेल्या, जरा थांबल्या, "थँक यू, डिअर," म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्या हातात वाफेने धुरकटलेली पिशवी होती आणि पिशवीत कोंबडी. नोट मशीनवर ठेवलेली. सळईवर अकराच राहिल्या होत्या.

पिशवीवर बॅकस्ट्रॉमचं नाव होतं. असल्या पिशव्या वेंडेलने आणलेल्या नव्हत्या.

मंगळवारी सातजण आले. बुधवारी एकोणीस. गुरुवारी त्याने चाळीस लावल्या आणि रांग गॅरेजातून निघून ओपलबाईंच्या टपालपेटीला वळसा घालून गेली. बहुतेक एकटी राहणारी माणसं होती. ज्यांना एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो अशी. सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी. कोणी हवापाण्याचं बोलेना, आणि नेब्रास्कात माणूस हवेबद्दल बोलत नाही म्हणजे डॉक्टरला बोलवावं. एका म्हाताऱ्याने दुकानातली जुनी ढकलगाडीच आणली होती. तिचं एक चाक किरकिरत होतं.

"कुत्र्याचं खाणं कुठे?" त्याने कोणालाच उद्देशून नाही असं विचारलं.

"सातव्या ओळीत," रांगेतून दोन-तीन आवाज आले.

म्हातारा गाडी ढकलत गॅरेजच्या कोपऱ्यात, गवत कापायच्या यंत्रांपाशी गेला. तिथे वरपासून खालपर्यंत बघितलं, "संपलंय," असं पुटपुटला आणि मुकाट्याने आपल्या जागी येऊन उभा राहिला. त्याची जागा कोणी घेतली नव्हती.

वेंडेल तोवर खुर्चीवर बसून होता. त्याला काही करावंच लागत नव्हतं, आणि खरी भीती त्याचीच वाटत होती. सकाळी कोंबड्या लावायच्या एवढंच त्याचं काम. पुढचं सगळं होत होतं. काचेचं दार उघडे, मिटे. सळई रिकामी होई. पाच डॉलरच्या नोटा साचत. कच्ची कोंबडीच त्याला सात डॉलरला पडत होती, तेव्हा नफ्याचा प्रश्न नव्हता. शुक्रवारी त्याने मशीन लावलंच नाही. तरी पाचला माणसं आली. बंद गॅरेजसमोर, बोचऱ्या वाऱ्यात, एक शब्द न बोलता सहा वाजेपर्यंत उभी राहिली. जोलीन पडद्याआडून बघत होती.

"तुला लाज कशी वाटत नाही?" ती म्हणाली.

शनिवारी त्याने पुन्हा चाळीस लावल्या.

आता इतकी रांग म्हटल्यावर सरकारला वास न येता तर नवल. पुढच्या सोमवारी जिल्ह्याच्या अन्न तपासणी खात्याची गाडी दारात उभी राहिली. त्यातून उतरली टॅमी व्हॉस. ही टॅमी पूर्वी खिडकी क्रमांक चारवर, वेंडेलच्या हाताखाली होती. तिच्या पहिल्या दिवशी तिने फॉर्म निळ्याऐवजी काळ्या शाईने भरला म्हणून त्याने तो फाडला होता. तिच्या हातात आज निळं पेन होतं.

"मिस्टर प्रोहास्का, परवाना?"

"टॅमी, अगं ही घरगुती गोष्ट आहे."

"घरगुती परवाना?"

तेवढ्यात पाच वाजले. घंटा झाली. टॅमी वहीवरून मान वर करून मशीनकडे बघत राहिली. रांग सरकू लागली. मध्येच "सॉरी" म्हणून तिने एक पाऊल मागे घेतलं, जणू कोणीतरी तिला वळसा घालून पुढे जात होतं. मग तिने लिहायला घेतलं.

"तुमच्याकडचं काम नीटनेटकं आहे. डोक्याला जाळी आहे, हातमोजे आहेत. पण त्या बाईंचं आरोग्य प्रमाणपत्र लागेल. शिवाय कामगार म्हणून त्यांची नोंद दिसत नाही. पगारपत्रक नाही, विमा नाही."

"कुठल्या बाईंचं?"

टॅमीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो एकतीस वर्षं खिडकीबाहेरच्या माणसांकडे पाहत आला होता.

"मिस्टर प्रोहास्का, ह्या वयात माझ्याशी खोटं बोलू नका. मी त्यांच्या हातून आत्ता कोंबडी घेतली." आणि खरंच, तिच्या काखेत पिशवी होती. "आठ दिवसांत त्यांची नोंदणी करा, नाहीतर त्या तुमच्याकडे कामाला नाहीत असं त्यांच्याच सहीने लिहून आणा. दोन्हीचे फॉर्म देते. निळ्या शाईने."

नोंद नसलेला माणूस कामाला ठेवल्याचा आरोप, आणि तोही वेंडेल प्रोहास्कावर! त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ड्वेनने हरणांच्या शिकारीसाठी झाडाला बांधतात तो कॅमेरा आणून गॅरेजच्या तुळईला बांधला. बुधवारी सकाळी दोघांनी फोटो बघितले.

"ही काय," ड्वेन बोट ठेवत म्हणाला. "काय उंची आहे बाईची! हात बघ, कोपरापर्यंत पोळल्याचे डाग."

वेंडेलला रांग दिसत होती, मशीन दिसत होतं, खुर्चीत बसलेला स्वतः दिसत होता. ड्वेनचं बोट जिथे होतं तिथे त्याला फक्त काचेवरचा उजेड दिसला. त्याने चष्मा पुसला. दुसरा चष्मा आणला. ड्वेनने स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते नुसतंच मिटलं.

"जोलीन!" वेंडेल स्वयंपाकघरात गेला. "आपल्या गॅरेजात कोणी बाई असते का?"

"असते की. मी रोज कॉफी नेऊन देते तिला. बिनसाखरेची घेते."

"कुठल्या कपात?"

"तुझ्या."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"मला वाटलं, तू कामाला ठेवलीयस आणि नेहमीसारखा बोलत नाहीयेस तिच्याशी." जोलीनने हातातला टॉवेल खाली ठेवला. "वेंडेल, बर्नडीन आहे ती. बर्नडीन कुझेला. बॅकस्ट्रॉममध्ये मशीनवर असायची. वीस वर्षं तिच्या हातून कोंबडी घेतलीस तू."

वेंडेलने आठवायचा प्रयत्न केला. पिशवी आठवली, लेबल आठवलं, लेबलावरचा आकडा तर डोळ्यांसमोर उभा राहिला. लेबलामागे कोणीतरी असणारच, पण तिथे काही केल्या चेहरा येईना.

"ती... हयात आहे का?"

हे ओपलबाईंना माहीत असणार होतं. त्या दारातच होत्या. "मरतेय कशाला? दुकान बंद झालं त्याच महिन्यात पक्षाघात झाला. हॉलस्टनच्या वृद्धाश्रमात आहे बिचारी. उठता येत नाही तिला."

"आणि रोज संध्याकाळी माझ्या गॅरेजात कोण असतं मग?"

"तुझ्या गॅरेजात?" ओपलबाई म्हणाल्या. "मी कशाला येऊ तुझ्या गॅरेजात? मी पाचला बॅकस्ट्रॉमला जाते."

हॉलस्टन शंभर मैल. वेंडेल गुरुवारी दुपारी निघाला. शेजारच्या सीटवर दोन्ही फॉर्म आणि निळी पेनं दोन. रस्त्यात कापलेल्या मक्याची रिकामी शेतं होती, मैलोन् मैल. शेवटी फक्त एका सहीचा प्रश्न आहे, असं तो स्वतःला बजावत होता.

वृद्धाश्रमातली नर्स त्याला बघून खूश झाली, कारण बर्नडीनबाईंकडे कोणी येत नसे. "तुम्ही नातेवाईक का? बरं झालं. आम्हाला विचारायचंच होतं. या महिन्याच्या सुरुवातीपासून रोज पाचला यांना काहीतरी होतं. डोळे उघडे असतात, पण हाक ऐकू येत नाही. हात नुसते चालतात, असे, काहीतरी उचलावं, पिशवीत घालावं, गाठ मारावी तसे. पाऊण तासाने थांबतात. मग हात इतके गरम लागतात की मी हीटर तपासून घेतला दोनदा. आणि..." नर्स थोडी ओशाळली. "खोलीत जेवणाचा वास येतो. आमच्या स्वयंपाकघरात असलं काही चांगलं होत नाही."

खोलीत खिडकीपाशी एक उंच बाई चाकांच्या खुर्चीत बसली होती. पांढरे आखूड केस, रुंद हाडं, डावा गाल थोडा खाली ओढलेला. हात मांडीवर, कोपरापर्यंत पोळल्याचे डाग. जुने पांढरे, आणि त्यांवर काही नवे, लाल. वेंडेल दारातच थांबला. इथे ती त्याला दिसत होती. चेहरा साधा होता, थकलेला आणि थोडा मिस्कील. या चेहऱ्यासमोर आपण हजार वेळा तरी उभे राहिलो असू, असा हिशोब त्याने केला, आणि टोपी काढली.

"गुरुवार," बर्नडीनबाई म्हणाल्या. शब्द जड येत होते. "मागची हवी. पुढची नको. तुम्ही."

खरं होतं. पुढच्या कोंबड्या शिळ्या असतात या संशयाने वेंडेल नेहमी मागची मागून घेई, आणि त्या दर वेळी सळईच्या पार टोकापर्यंत हात घालून ती काढून देत.

"बाई, मी एका कागदासाठी आलोय," तो म्हणाला. बोलता बोलता त्याचं लक्ष त्या लाल डागांवरच जात होतं. "म्हणजे, माझ्याकडे मशीन आहे. तुम्ही तिथे... तुम्ही येता का तिथे?"

"घंटा होते ना."

"तिची तार तोडलेली आहे."

"मीच तोडली. डोकं दुखायचं. सत्तावीस वर्षं घंटा झाली की उभी राहिले. इथे आले, वाटलं, सुटले. मग परत झाली. मी नाही म्हणते. पण माणसं उभी असतात ना. ओपल, तो गाडीवाला. त्यांना घरी कोण वाढणार?" त्यांनी पायांकडे पाहिलं. ब्लँकेटखालून दिसणारे घोटे सुजून टम्म झाले होते. बसून राहणाऱ्या बाईचे ते पाय नव्हते. "पाय दुखतात हो, मिस्टर."

वेंडेलने दोन्ही फॉर्म मांडीवर घेतले. एकात लिहायचं की या माझ्याकडे कामाला आहेत. दुसऱ्यात, की नाहीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही रकाने त्याला अपुरे वाटले. मग त्याने एक फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, आपल्या गिरवलेल्या सरकारी अक्षरात लिहिलं: मी, बर्नडीन कुझेला, पाचच्या पाळीच्या कामाचा आजपासून राजीनामा देत आहे.

त्याने वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"देता येतो?"

"अर्ज रीतसर असला तर का नाही?"

त्यांनी उजव्या हाताने सही केली. वाकडीतिकडी, रेघेच्या खाली घसरलेली. अशा सहीवर त्याने पूर्वी माणसं परत पाठवली असती. खाली त्याने लिहिलं, "मंजूर", तारीख घातली, वेळ घातली: चार वाजून दहा मिनिटं.

"आणि माणसं?" बाईंनी विचारलं.

"मी बघतो," वेंडेल म्हणाला. हे शब्द खिडकी तीनवर त्याच्या तोंडून कधीही बाहेर पडले नव्हते. निघताना त्याने आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. दारापर्यंत जाऊन तो परत आला. "कोंबडी चांगली असायची," तो म्हणाला.

"हो," बर्नडीनबाई म्हणाल्या. "माहितीये मला."

त्या दिवशी पाचला तो वाटेतच होता. जोलीनने फोनवर सांगितलं, मशीन तिने बंद ठेवलंय, घंटा झाली नाही, माणसं आली आणि उभी राहून गेली.

टॅमीने शुक्रवारी सकाळी तो कागद तीनदा वाचला. "राजीनामा चालेल," ती शेवटी म्हणाली. "पण मग अन्न कोण हाताळणार?" आणि अशा रीतीने एकसष्टाव्या वर्षी वेंडेल प्रोहास्काला दोन तासांचा वर्ग करून परीक्षा द्यावी लागली. हात किती सेकंद धुवावेत या प्रश्नाला तो नापास झाला. टॅमीने दुसऱ्यांदा बसू दिलं. नियमात तशी सोय होती, असं ती म्हणाली, पण नियम दाखवला नाही.

सोमवारी त्याने डोक्याला जाळी घातली, हातमोजे चढवले आणि मशीनपाशी जाऊन उभा राहिला. खुर्ची ड्वेनने आधीच उचलून नेली होती. काळोख पडत आला. त्याने मनगटावर बघितलं. पाच वाजले, पाच वाजून एक झाला. घंटा झाली नाही. मशीनची घरघर आणि थेंबांचा सुर्र आवाज, एवढंच. घरात फोन वाजला, जोलीनने घेतला आणि दारात येऊन म्हणाली, "नर्सचा होता. बर्नडीन झोपलीये. गाढ. पाय खुर्चीवर घेऊन."

बाहेर रांग उभी होती. एकाच दिशेला तोंडं, शब्द नाही. वेंडेलने काचेचं दार उघडलं, वाफेचा झोत तोंडावर आला, आणि सळईवरून पहिली कोंबडी काढताना मनगट लालभडक लोखंडाला टेकलं. तो ओरडला नाही. कोंबडीची तंगडी मात्र तुटून जमिनीवर पडली. ती बाजूला टाकून त्याने दुसरी काढली, मग नीट काढायला तिसरी. पिशवीत घातली, गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली.

समोर ओपलबाई होत्या. गेली तीस वर्षं त्या समोरच्या घरात राहत होत्या, दर नाताळला त्याच्याकडे केक पाठवत होत्या. उभी घडी घातलेली नोट पुढे धरून त्यांनी त्याचा चेहरा निरखला. जाळी पाहिली, भाजलेलं मनगट पाहिलं. ओळख कुठेच नव्हती, पण नजरेत माया होती.

"नवीन दिसता," त्या म्हणाल्या.

वेंडेलने त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे निळे होते त्यांचे.

"हो," तो म्हणाला. "आजच लागलो."